कशावरून काका

"पोहे छान झालेत," एवढं साधं वाक्यसुद्धा कशावरून काकांसमोर सुखानं बोलता येत नसे. लगेच चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "कशावरून?" अहो, खाल्ले म्हणून! "मग 'मला आवडले' म्हण. छान झालेत की नाही, हा वेगळा प्रश्न." ओहायोतल्या डब्लिनला आमच्या मराठी घोळक्यात नवीन आलेल्या माणसाला ते पहिल्या भेटीत भांडखोर वाटत, दुसऱ्या भेटीत विक्षिप्त, आणि तिसऱ्या वेळी तो माणूस त्यांच्याच घरी जेवायला बसलेला असे.

मूळचे नागपूरचे. तत्त्वज्ञानात एम.ए. करून दोन वर्षं कॉलेजात शिकवलं, पण नोकरी पक्की होईना. मग कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि इकडे येऊन पडले. आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये, दोन दारं सोडून. घरात ते आणि त्यांच्या पत्नी सुजाताताई, दोघंच. रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली की सुजाताताई डबा भरून द्यायच्या आणि काका लायब्ररीतल्या मराठी शाळेत यायचे. मोठ्या मुलांचा वर्ग त्यांच्याकडे होता. शिकवायचं होतं मराठी. पण तिथे भलतंच चाले. डब्यातली शंकरपाळी पुढे करून विचारायचे, "तू घेतलीस, की तुझ्या भुकेनं तुला घ्यायला लावली?" पोरं आधी खायची, मग वाद घालायची.

एकदा सगळ्यांना पार्किंगमध्ये नेऊन त्यांनी आपली जुनी गाडी दाखवली. "हिचा दरवाजा बदलला, बंपर बदलला, मागच्या वर्षी इंजिन बदललं. तर मग ही तीच गाडी आहे का?" माझी ईशा म्हणाली, "लायसन्स प्लेट सेम आहे ना काका, सो सेम कार." काका खूश. "म्हणजे व्हिसाचा नंबर आहे तोवर मी मीच. असं ना?" आम्ही मोठी माणसं खो खो हसलो.

पुढच्याच हिवाळ्यात कंपनीनं एका सकाळी त्यांच्या अख्ख्या टीमला घरी पाठवलं. व्हिसावर राहणाऱ्यांना पुढचं सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगते. साठ दिवसांत नवी नोकरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. बारा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभा असलेला माणूस साठ दिवसांवर आला. काका दिवसाला तीन-तीन इंटरव्ह्यू देऊ लागले. तरी शाळेत यायचेच.

त्याच दिवसांत सुजाताताई माझ्याबरोबर इंडियन ग्रोसरीला आल्या होत्या. तांदळाची पिशवी गाडीत ठेवता ठेवता मटकन खाली बसल्या. ओठ पांढरेफटक. मी घाबरले. म्हणाल्या, "महिना झाला गं मेधा. जिना चढला की छातीत दाबल्यासारखं होते."

"अहो ताई, वेड लागलंय का तुम्हाला? काकांना सांगितलं?"

"त्यांना सांगू नको. इंटरव्ह्यू सोडून मला घेऊन हॉस्पिटलात बसतील. हे साठ दिवस जाऊ दे, मग जाते मी. शपथ आहे तुला."

मी भांडले. गाडीत बसूनही भांडले. पण शेवटी गप्प बसले, कारण मीही व्हिसावर होते आणि मला त्यांचं म्हणणं पटलं. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. छातीत दुखणाऱ्या बाईचं 'नोकरी लागू दे' हे म्हणणं मला शहाणपणाचं वाटलं.

त्रेपन्नाव्या दिवशी नोकरी लागली. पेढे घेऊन दोघं आले. मी सुजाताताईंना दाराशी गाठून म्हटलं, "आता?" त्या म्हणाल्या, "नव्या नोकरीचं इन्शुरन्स कार्ड येऊ दे." कार्ड यायच्या आधी, एका मंगळवारी भर दुपारी, कपडे वाळवायच्या मशीनसमोर त्या कोसळल्या. हार्ट अटॅक. डॉक्टर म्हणाले, काही दिवस आधी तपासलं असतं तर कदाचित.

फ्युनरल होममध्ये त्रिसरण-पंचशील झालं. कुणीतरी काकांचा हात धरून म्हणालं, "एवढंच आयुष्य लिहिलेलं होतं त्यांचं." काकांनी शांतपणे विचारलं, "कुणी लिहिलं?" त्यानंतर त्यांच्याजवळ बसायचा कुणाला धीर होईना.

चौथ्या दिवशी ते माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले. मी चहा टाकत होते.

"मेधा, एक विचारतो. तिला काही त्रास होत होता का? तुला काही बोलली होती?"

माझी पाठ होती त्यांच्याकडे. "नाही काका," मी म्हणाले, "काही नाही बोलल्या."

आयुष्यात पहिल्यांदा ते 'कशावरून' म्हणाले नाहीत.

"म्हणजे तिला स्वतःलाच कळलं नव्हतं," ते म्हणाले. "माहीत असून गप्प बसली असती, तर तो तिचा निर्णय झाला असता. माहीतच नसेल तर निर्णय कसला? मग दिसायला हवं होतं ते मला. रोज समोर बसत होती ना."

त्यांना दुखवू नये म्हणून खोटं बोलले, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होते. कसलं काय! मी स्वतःला वाचवत होते. आणि माझ्या वाट्याचं सगळं ओझं त्या भल्या माणसानं मुकाट्यानं उचललं.

पुढे एका रविवारी वर्गात मुलांना सांगत होते, "आपल्याला माहीत असलेल्या बहुतेक गोष्टी आपण पाहिलेल्या नसतात, कुणीतरी सांगितलेल्या असतात. म्हणून सांगणारा पारखून घ्यायचा. आता ही मेधामावशी. ती सांगते ते मी तपासत नाही." मी मागे ज्यूसचे डबे वाटत होते. ईशा कौतुकानं माझ्याकडे बघत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर्षभरात काका निम्मे झाले. बीपीच्या गोळ्या घेईनात. मग एक दिवस नोकरी सोडून नागपूरला धाकट्या भावाकडे निघाले. विमानतळावर सोडायला मी गेले. आज सांगायचंच, असं ठरवून घरून निघाले होते. "काका," गाडीत मी सुरुवात केली, "सुजाताताईंबद्दल एक..."

"नको वाईट वाटून घेऊ," ते मध्येच म्हणाले. "माझ्या नजरेतून सुटलं, ते मी सोसतोय. तिनं माझ्यापासून लपवलं असतं ना, ते नसतं सोसवलं. तेवढं तरी नाही. तू सांगितलंस म्हणून."

मी इंडिकेटर दिला आणि गाडी टर्मिनलच्या लेनला घेतली.

फेब्रुवारीत त्यांच्या भावाचा फोन आला. काका गेले. गोळ्या शेवटपर्यंत घेतल्याच नाहीत, म्हणाले. "एकच धोशा, ताई. मला दिसायला हवं होतं, मला दिसायला हवं होतं. मी म्हटलं, अरे, वहिनीला माहीत असेल, तिनंच लपवलं असेल. तर म्हणे, नाही, तिला माहीत नव्हतं हे नक्की. मी म्हटलं, कशावरून? तर म्हणाला, मेधानं सांगितलं."

मग भाऊंनी विचारलं, "खरं ना ते, ताई?"

मी म्हणाले, "हो."