पेज निवेपर्यंत

बाई समोरच्याचं ताट पाहत नसत, जबडा पाहत. अकोल्याच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी पोरांची खिचडी शिजवायची. कोणी भराभर गिळताना दिसलं की पंगतीत ओरडायच्या, "काहून रे, पोटात दात हायेत का तुह्या?" मला त्यांचा रागच यायचा. त्यांच्या धाकानं पोरं चघळत बसायची आणि माझी भांडी खोळंबायची.

एकदा बाईंनी मला भाकरीचा कोरडा तुकडा दिला. "कमलाबाई, चावत राहा. गिळू नका." बऱ्याच वेळानं तो गोड लागला. मी म्हटलं, "गूळ लावला का वो बाई?" त्या हसल्या. "तुमच्या लाळेनं केलं ते. भाकरीतलं पिष्ट म्हणजे साखरेचीच लांब माळ. लाळ ती तोडाले लागते. पोटातल्या आंबटपणानं ते काम थांबते. मंग खाली आतड्यात स्वादुपिंडाचा रस येते, उरलेली माळ तोडते. शेवटी सुटी साखर रक्तात जाते. नाही तुटली त कितीबी खा, अंगी लागत नाही." मी चौथी शिकलेली. एवढं कळलं, की गिळलं म्हणजे खाल्लं असं नाही.

लग्नाचं विचारलं की बाई म्हणायच्या, "टाइम नाही भेटला." रिटायर झाल्यावर माझ्याच गल्लीत राहायला आल्या. एकट्याच. सत्तरीत स्वादुपिंडालाच गाठ झाली. रस आतड्यात उतरेना. अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, अंग धरलं तरच ऑपरेशन, महिन्यानं वजन पाहू. तोवर पाचक रसाच्या कॅप्सुली, दर जेवणासोबत. त्यांचं खाणंपिणं मीच बघायची.

कॅप्सूल गिळताना त्यांना उमासे यायचे. नुसती पाहिली तरी यायचे. म्हणून मी स्वयंपाकघरातच ती फोडून पेजेत ढवळायची. पेज वाफाळती. आजाऱ्याला गार द्यायचं नाही, हे मी आईकडून शिकलेली. दिवसातून चार वेळा पाजली. बाई वाळतच गेल्या. गालफडं बसली. पेज दाट केली, तूप वाढवलं. एक दिवस डाफरलेसुद्धा, "खाता त जाते कुठी?"

महिन्यानं काटा आणखी खाली. ऑपरेशन झेपणार नाही, डॉक्टरांनी सांगून टाकलं. बाहेर बाकावर बाईंनी विचारलं, "कॅप्सूल कशी देत होत्या तुमी?" मी सांगितलं.

"गरम पेजेत तो रस मरते, कमलाबाई."

"मले काय मालूम!" मी ओरडलेच. "तुमी काहून नाही सांगतलं?"

"जन्मभर पोराईले विचारत आली, समजलं का म्हणून. तुमाले नाही विचारलं."

मी कपाळ बडवायला लागले. त्यांनी हात धरला. त्यात जोर नव्हता. "ते मंग करा. ते पाहा तिकडं." समोरच्या बाकावर एक सून सासऱ्यासाठी डब्यातल्या वाफाळत्या भातावर तशीच कॅप्सूल फोडत होती. "जा. म्हणा, निवू दे आधी."

गेले. सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, तुमी नर्स हाय का?"

"नाही," म्हटलं, "म्या एक माणूस मारलं याच्यानं."

तिनं कॅप्सूल मुठीत धरली आणि भात निवायची वाट पाहत बसली. बाई तिच्याकडे पाहत होत्या.

अकोल्याला आल्यावर बाई सोळा दिवस जगल्या. मी पेज निववून द्यायची. दोन चमचे जायची. उरलेली ओतून द्यायची.