आंतोनचा पट्टा

मी शाळेत शास्त्र शिकवते. संध्याकाळी जपमाळ हातात घेऊन मी तेर्स म्हणते, प्रार्थनेवर माझा विश्वास आहे. पण भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणारी. म्हणूनच हे लिहायला इतका वेळ लागला...

आमचं घर वसईला, गिरीजमध्ये. पुढे केळीची वाडी, मागे विहीर. घरात आई आणि माझा धाकटा भाऊ आंतोन. मी विरारला शाळेजवळ खोली घेऊन राहायचे. आईची दृष्टी पूर्ण गेली होती, ऐकूही कमी यायचं. कुणी अचानक हात लावला की ती दचकून थरथरायची. आंतोन वालीवला एका वर्कशॉपमध्ये रेडिओ जुळवायचा. त्याने तिच्यासाठी कमरेचा पट्टा केला – आत पत्र्याची पट्टी, साबणाच्या डबीत सर्किट आणि बॅटरी, एका कानाचा इअरफोन. माणूस हातभर अंतरावर आला की कानात शीळ वाजायची, रेडिओवर स्टेशन शोधताना वाजते तशी.

पट्टा रोज जुळवावा लागे. आई एकटी उभी राहून शीळ थांबेपर्यंत बटण फिरवायची. त्या वेळी जवळ कुणी असून चालत नसे. एकदा मी तिच्याशेजारीच उभी राहिले, तर आंतोन हसायला लागला.

"बाय, जुळवताना तू अशी चिकटून राहिलीस तर पट्ट्याला तू दिसणारच नाहीस. उलट तू गेलीस की बोंबलेल तो."

त्याच पावसाळ्यात तो काविळीने गेला.

चर्चमध्ये सातव्या दिवसाची मिस्सा झाली. आईला विरारला न्यायचं मी ठरवलं, तिची पिशवी भरली. ती आंतोनच्या खोलीत पट्टा जुळवत होती. मी अंगणात लांब उभी होते. भिंतीला हात लावत ती निघाली आणि उंबरठा ओलांडताच थांबली. मागे वळली, पुन्हा आत गेली.

"बाहेर आले की वाजतो," ती म्हणाली. "आत गप्प असतो. तो आत आहे, बाय."

मी पट्टा स्वतः बांधून पाहिला. खोलीत जुळवला, उंबरठ्याबाहेर आले – शीळ. आत – शांत. स्वयंपाकघरात जुळवून बाहेर आले तर काहीच नाही. आंतोनबरोबर काम करणारा एक मित्र येऊन बघून गेला. लोखंडी खाटेमुळे होत असेल, म्हणाला. खाट हलवली. फरक पडला नाही. कपाट हलवलं. तरी तेच. मग तो चहा न घेताच निघाला.

मी आईला समजावत होते. बाहेर आल्यावर बटण जरासं फिरवलं असतं तर प्रश्न मिटला असता. माझा हात डबीकडे गेला तेव्हा आईच्या कानात शीळ वाजली असणार, कारण तिने तो बरोबर पकडला.

"फिरवलं की गप्प होतो, ठाऊक आहे मला. फिरवू नको. तो निघेल तेव्हा मी निघेन."

तिला एकटं ठेवणं शक्य नव्हतं. विरारची खोली सोडली. शाळेतून आलं की त्याच खोलीत तेर्स, त्याच खोलीत जेवण, तिथेच झोप. वारा लागतो म्हणून खिडकी बंद. अधूनमधून आई पट्टा जुळवून उंबरठ्यापर्यंत जायची. मी अंगणातून तिचा चेहरा बघायचे. एक पाऊल बाहेर... आणि परत. अशी वर्षं गेली. मनातल्या मनात मी आंतोनला विनवायचे, निघ रे आता. मग स्वतःचीच लाज वाटायची.

यंदा आई गेली.

मिस्सेनंतर मी पट्टा बांधला, त्या खोलीत एकटी उभी राहून जुळवला आणि उंबरठा ओलांडला. शांत. अंगणात शांत. केळीतून फाटकापर्यंत आले, तरी शांत. बॅटरी संपली असेल वाटलं, तेवढ्यात शेजारची रोझमावशी जवळ आली आणि शीळ वाजली. पट्टा चांगला चालत होता.

खोलीत आता कुणी नाही, असा याचा एक अर्थ. दुसरा अर्थ आंतोननेच सांगून ठेवला होता – चिकटून चालणारा माणूस पट्ट्याला दिसत नाही.

यातलं खरं काय, ते मला आजही कळलेलं नाही. कुणाला ठाऊक असेल तर कळवा. मला आता कुठेही जाता येईल. पण एकटी जाणार की नाही, ते सांगता येत नाही... पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. अजून तिथेच आहे.