परकराची झालर आणि माझी बी.एस्सी.

चहा घ्या, सांगतो. हल्ली नखं कापायलासुद्धा मला बायकोकडून कात्री मागून घ्यावी लागते. का, ते ऐका.

आमची सई नववीत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं पोट बनवलं. गुलाबी कापडाची लांबलचक आतडी, आणि ती धरून ठेवायला आईच्या परकराची झालर. आतडी पोटाच्या मागच्या भिंतीशी बांधून ठेवणारा पडदा असतो ना, मेसेंटरी, ती ही.

आता मी पडलो झूलॉजीचा बी.एस्सी. तेही आमच्या पेणकरपाड्यात बी.एस्सी. झाल्यावर पेढे वाटायचे तेव्हाचा.

"सई, झालर सलग कशी? मेसेंटरी तुकड्यातुकड्यांत असते."

"बाबा, तसं पूर्वी मानायचे. ती सलग एकच आहे, असं आता कळलंय."

"आता कळलंय? माणसाचं पोट म्हणजे काय मीरा रोड आहे, दरवर्षी बदलायला?"

"पोट तेच आहे हो. बघणारे नीट बघायला लागले."

एवढं बोलून ती आंघोळीला गेली. मार्क जातील पोरीचे, म्हणून मी कात्री घेतली. पाच ठिकाणी कचाकच. वर मॉडेल खोक्यात घालून चिकटपट्टीही लावून दिली.

खोकं पोचवायला आम्ही दोघंही शाळेत गेलो. तिथे ते उघडलं आणि सईच्या डोळ्यांत पाणी. तेवढ्यात परीक्षक समोर, त्याही सर्जन मॅडम.

"बेटा, ये किसने काटा? हम ऑपरेशन में देखते हैं, ये पूरी एक ही होती है."

बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की माझी मेसेंटरी सलग आहे की तुकड्यांत, ते तिथेच कळलं असतं.

सईनं नाक पुसलं. "मॅडम, ये पुरानी समझ है. अब नयी दिखाती हूँ." आणि न बघता हात मागे केला.

बायकोच्या बांगडीत कायम सेफ्टी पिनांचा घोस. तिनं सगळा तळहातावर ठेवला. सई बोलत गेली, टोचत गेली. पाच पिना, झालर सलग. मॅडम खूश. पहिला नंबर!

दुसऱ्या दिवशी पालकांसाठी प्रदर्शन. बाई म्हणाल्या, जुनी समजूतही दाखव. पण झालर पुन्हा कापायला सईचा हात होईना.

एक पीन उरली होती. तिनं 'जुनी समजूत' अशी पाटी लिहिली आणि माझ्या शर्टाला लावली. दहा ते पाच उभा होतो मॉडेलशेजारी.