सगळेच हाइनरिख

निवृत्त झाल्यावर माणसं योगा करतात, कुंड्यांत मिरच्या लावतात. नीताच्या नवऱ्याने, म्हणजे सिंगापुरात सेम्बावांगला जहाजांच्या कंपनीत जन्मभर हिशेब तपासलेल्या दीनानाथांनी, जर्मनीतलं रॉइस नावाचं एक चिमुकलं संस्थान धरलं आणि काही केल्या सोडेनात. एका सहलीत त्यांनी तिथला राजवाडा पाहिला काय, नीताच्या डोक्याला कायमचा ताप झाला.

या रॉइस घराण्यात प्रत्येक मुलग्याचं नाव हाइनरिख. राजा हाइनरिख, त्याचा भाऊ हाइनरिख, पाळण्यातलं तान्हंही हाइनरिख. ओळखायचं ते आकड्यावरून. थोरली शाखा शंभरापर्यंत मोजायची, धाकटी शाखा शतक बदललं की पुन्हा एकापासून. ऐकून ऐकून नीताचे कान किटले होते. चोआ चू कांगच्या हॉकर सेंटरमधल्या कॉफीवाल्या अंकललाही दीनानाथांनी सोडलं नव्हतं. "व्हा, सो मेनी हेन्री आह!" म्हणत तो बिचारा सटकला. नीताला सटकायची सोय नव्हती.

नातीचं बारसं उद्यावर आलं. नीता रव्याचे लाडू वळत होती आणि दीनानाथ तिच्या पाठीशी उभे राहून बहात्तराव्या हाइनरिखने अठराशे अठ्ठेचाळीसच्या धामधुमीत गादी कशी सोडली ते रंगवून सांगत होते.

"अहो, पाळणा सजवायचाय अजून!" ती करवादली.

तेवढ्यात सून आदिती आत आली. "बाबा, तुम्हीच सांगा, आईंचं माहेरचं नाव काय हो? बाळाला तेच ठेवायचं ठरवलंय आम्ही."

नीताचा हात थांबला. लग्नात ताटातल्या तांदळांवर नवं नाव लिहिलं गेलं, त्यानंतर या घरात ते जुनं नाव कुणी घेतलंच नव्हतं. नातीला ते मिळावं असं तिला फार वाटलं. आणि ते नवऱ्याने सांगावं, असंही.

दीनानाथांनी कपाळ चोळलं. "मालती? नाही... थांब हं, आठवेल."

"मीनल," नीताच म्हणाली.

"छे! मीनल म्हणजे आपली वहिनी."

"म्हणूनच बदललं ना माझं!" नीताचा आवाज चढला. "तिकडे ढिगाने हाइनरिख एका घराण्यात नांदले, आणि तुमच्या घरात दोन मीनल मावल्या नाहीत!"

 दीनानाथ निमूटपणे पाळण्याला फुलं बांधायला गेले.

दुसऱ्या दिवशी आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, आणि सगळ्यांच्या आधी दीनानाथांनीच मोठ्याने हाक मारली, "मीनल!"

स्वयंपाकघरातून नीताच्या तोंडून आपसूक "ओ!" निघून गेलं.