आमच्याकडे राहिलेलं ताट

माझं कामच मुळी निवड करण्याचं. रियाधच्या ओलाया भागातल्या एका ऑफिसात बसून मी पुरवठादार निवडते. तक्ता मांडायचा, प्रत्येक मुद्द्याला गुण द्यायचे, ज्याची बेरीज जास्त तो पक्का. ऑफिसात माझ्या तक्त्यांचा दरारा आहे. नवरा लोकांना सांगत सुटतो की हिनं मलाही असाच तक्ता मांडून निवडलं. साफ खोटं. तक्ता मांडला असता तर तो पहिल्या फेरीतच बाद झाला असता.

त्या उन्हाळ्यात आई तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर रियाधला आली होती. वडील गेल्यानंतर ती पहिल्यांदाच माझ्याकडे राहायला आली होती. मी तिच्यासाठी खोली सजवली, मराठी वाहिन्या घेतल्या, गुडघ्याला सोसेल अशी खुर्ची आणली. दीड महिना झाला आणि एका सकाळी चहा पिता पिता ती म्हणाली, "माझं तिकीट जरा अलीकडचं करून देतेस का?"

मी आधी चिडले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. चूक तिची नव्हती. आम्ही दोघं सातला घर सोडायचो ते संध्याकाळीच उगवायचो. बाहेर ऊन मी म्हणत होतं. खिडकीतून दिसायचे ते समोरच्या इमारतीचे एसी. कऱ्हाडला शाळेत तीस वर्षं शिकवलेली आणि गाईडच्या मुलींना घेऊन डोंगरोडोंगरी तंबू ठोकलेली बाई दिवसभर त्या एसींकडे बघत बसायची. "तुमचं सगळं छान आहे गं," ती म्हणाली, "पण बोलायला माणूस नाही." ती आत्ता परत गेली तर पुन्हा कधी येणार नाही, हे मला स्वच्छ कळत होतं.

म्हणून मी सौदा केला. दक्षिणेकडे अबहाच्या डोंगरात चार दिवस कॅरॅव्हॅननं हिंडायचं. तिथे थंडावा असतो, जंगल असतं. आवडलं नाही तर परत आल्या आल्या तिकीट बदलायचं. आई "बरं" म्हणाली. त्या "बरं"मध्ये काही जीव नव्हता.

मी हिरिरीनं तक्ता मांडला. कॅरॅव्हॅन कुठे कुठे उभी करता येईल अशा अकरा जागा. सपाट जमीन, सावली, संडास किती लांब, विजेची सोय, रस्त्याचा चढ, माकडांचा उपद्रव. लोकांनी लिहिलेले अरबी अभिप्राय फोनवर भाषांतर करून वाचले. तीन रात्री, तीन जागा पक्क्या केल्या आणि तक्ता नवऱ्यापुढे धरला. तो म्हणाला, "यात आईंना काय हवंय, तो रकाना कुठाय?" मी म्हटलं, सावली आणि संडास, आणखी काय हवं असतं? तो गप्प बसला. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर माणसाला कळतं कुठे गप्प बसायचं ते.

विमानानं अबहाला उतरलो, गाडी ताब्यात घेतली. आत गॅस, बेसिन, दोन पलंग, एवढासा संडास. सर्वांत जास्त गुणांची जागा सगळ्यांनाच सर्वांत जास्त गुणांची वाटली असावी, कारण तिथे जत्रा भरली होती. दाटीवाटीनं गाड्या, रंगीत दिवे, शेजारच्या जनरेटरची घरघर, दोन बाजूंनी दोन वेगवेगळी गाणी. धूर येतो म्हणून आईनं खिडकी लावून घेतली आणि पलंगावर बसली. "रियाधला चार भिंती होत्या," ती म्हणाली. "इथेही चारच आहेत. फक्त या हलतात." नवरा हसला. मला हसू आलं नाही.

दुसरी जागा दरीच्या तळाशी होती. मऊ वाळूची सपाट जमीन, डेरेदार झाडं, चिटपाखरू नाही. मी विजयी मुद्रेनं गाडी थांबवायला सांगितली. आई काठी टेकत उतरली आणि झुडपांपाशी जाऊन उभी राहिली. कमरेएवढ्या उंचीवर फांद्यांमध्ये वाळकं गवत आणि प्लास्टिकच्या चिंध्या अडकल्या होत्या, सगळ्या एकाच अंगाला.

"इथे राहायचं नाही," ती म्हणाली. "पाणी येऊन गेलंय."

"आई, आभाळ बघ. ढगाचा ठिपका नाहीये."

"पाऊस इथे कशाला पडायला हवा? वर डोंगरात पडला तरी पुरे. चल, गाडी काढायला सांग."

हा आवाज मी शाळेत असताना ऐकला होता. पन्नास मुलींना एका दमात रांगेत उभं करणारा. माझा पारा चढला होता, नऊ पूर्णांक दोन गुणांची जागा होती ती. पण नवऱ्यानं मुकाट्यानं गाडी सुरू केली, आणि आई पहिल्यांदाच मागच्या पलंगावर न बसता पुढे त्याच्या शेजारी बसली.

"आता कुठे, आई?" त्यानं विचारलं.

"जिथे घरच्या बायका-पोरं बसलेली दिसतील तिथे थांबा. आमचा कॅम्पचा नियमच होता. बायका बसतात तिथे सावली असते, पाणी जवळ असतं आणि भीती नसते."

अशी जागा वर घाटमाथ्यावर सापडली. जुनिपरची वाकडीतिकडी जुनी झाडं, खाली खडकाळ उतार, वारा असा की शाल घ्यावी. एका मोठ्या झाडाखाली गालिचा अंथरून एक सौदी कुटुंब बसलं होतं. आम्ही जाऊन त्यांच्या अगदी बाजूला गाडी लावली. आपल्याकडे सोबत हवी असली की असंच लावतात. बायकांनी लगबगीनं कापडाचा आडोसा ओढून घेतला. मग घरातला माणूस उठून नवऱ्याकडे आला, छातीवर हात ठेवून सलाम केला आणि अत्यंत अदबीनं म्हणाला की पलीकडे पुष्कळ जागा आहे. या देशात बारा वर्षं काढलेली मी, आणि इथे घरच्या बायकांचा आडोसा काय असतो हे विसरले होते! आम्ही कान पाडून गाडी वाटेच्या पलीकडे नेली. आईचा चेहरा पडला. "आपण नकोसे झालो वाटतं," ती म्हणाली. मला वाटलं, झालं, तिकीट पक्कं.

अर्ध्या तासानं दारावर टकटक झाली. त्या घरची सून उभी होती, हातात भलं मोठं स्टीलचं ताट. खजूर, गहव्याची म्हणजे अरबी कॉफीची सुरई, छोटे पेले आणि मधोमध तुपामधात कुस्करलेली गरम भाकरी. आईनं चमच्यानं तोंडात टाकली आणि डोळे मोठे केले. "अगं, हा तर मलिदा!"

ताट रिकामं झालं. ते धुऊन मी परत द्यायला निघाले तर आईनं दारात अडवलं. "रिकामं ताट परत करतेस? हे शिकवलं का तुला?" डबा उघडून तिनं शंकरपाळ्यांची रास ओतली. मी ती देऊन आले. तासाभरात तेच ताट परत आमच्या दारात, या वेळी भात आणि मटण घेऊन. बहुधा त्यांच्याकडेही रिकामं ताट परत करत नसावेत. आईनं पदर खोचला. बेसनाचे लाडू गेले, अंजिरं आली. दुसऱ्या दिवशी सकाळी थालीपिठं गेली, मध आणि चीज आलं. माझ्या सगळ्या पुरवठादारांच्या आयुष्यात एवढा चोख पुरवठा मी पाहिला नव्हता. दडपे पोहे घेऊन मात्र आई स्वतः निघाली. काठी एका हातात, ताटाची एक कड दुसऱ्या हातात, दुसरी कड माझ्याकडे.

आडोसा बाजूला झाला. आत तिच्याच वयाची एक आजी बसली होती, गुडघे लांब करून. तिनं आईच्या काठीकडे पाहिलं, स्वतःची काठी उचलून दाखवली आणि दोघी हसल्या. "खाला, यल्ला, यल्ला," म्हणजे मावशी, या, या, असं म्हणत सुनेनं आईच्या पाठीशी लोड सरकवला. पुढचे चार तास आई मराठीत बोलली आणि ती आजी अरबीत. मी भाषांतर करू लागले तर दोघींनी मला हातानं गप्प केलं. गुडघ्यांवर बोलणं झालं, सुनांवर झालं, गेलेल्या नवऱ्यांवरही झालं असावं, कारण दोघींनी मध्येच डोळे टिपले. आजीनं आईच्या गुडघ्याला कसलंसं तेल चोळलं. आईनं तिच्या नातींना हातरुमालाचा उंदीर करून दाखवला, त्या किंचाळल्या. बाहेर पुरुषांमध्ये नवऱ्यानं दरीतल्या जागेचा विषय काढला, तर त्या माणसानं कमरेपर्यंत हात नेऊन मान हलवली. ते मला नवऱ्यानं मुद्दाम दोनदा सांगितलं.

तिसऱ्या जागेकडे आम्ही गेलोच नाही. तक्ता मी फाडला नाही, पण पुन्हा उघडलाही नाही.

निघायच्या दिवशी सकाळी ताट आलं ते काठोकाठ भरून, भाकऱ्या, तूप, मधाची बाटली. आमच्याकडे परत भरायला चिमूटभर पोहेही उरले नव्हते. मी म्हटलं, "आई, धुऊन तसंच देऊन येते. समजून घेतील." तिनं ताट माझ्या हातून काढून घेतलं. आजीचा निरोप घ्यायला एकटीच गेली, बराच वेळ हात धरून बसली, आणि गाडी सुरू झाली तेव्हा मला दिसलं की ताट तिच्या मांडीवर आहे.

"आई! अगं, हे द्यायचं राहिलं!"

"राहिलं नाही. ठेवून घेतलंय. तिला खुणेनं सांगितलंय की भरून आणीन."

घाटाच्या वळणावर तिनं ते ताट शालीत गुंडाळलं, पायाशी नीट ठेवलं आणि पुढच्या सीटवरून मागे वळून मला म्हणाली, "ते तिकीट राहू दे. व्हिसा वाढवून मिळतो का बघ. आणि इथे परत येण्याआधी चांगलं पाच किलो बेसन घेऊन ठेव."

मी रडले. या वेळी बाथरूम शोधलं नाही, तिथेच, तिच्यासमोर.