पावणेआठचं ताट

काल संध्याकाळी तुमच्या घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवलं, आणि तिच्या ताटात काय होतं?

सांगा की. पहिलं उत्तर झटकन येईल, दुसरं यायचं नाही. आणि लगेच "आमच्यात तसलं काही नाही, आम्ही सगळे एकत्र बसतो" असं मला ऐकवू नका. गरम भाकरी ताटात पडते तेव्हा तव्यापाशी कोण असतं, तेवढं आधी बघून या. मी रागानं विचारतेय हे कबूल. पण राग तुमच्या एकट्यावर नाही. फुलेवाडीच्या हॉलमध्ये माईक धरून जिनं टाळ्या वाजवायला लावल्या, तिच्यावरही आहे. ती मीच.

ही हकिकत अनुजा चौगुलेची. आमच्या भागात तिला सगळे ‘कोच’ म्हणतात. निम्मे कौतुकानं, निम्मे टिंगलीनं. शाळेत कबड्डी खेळायची, जिल्ह्याच्या संघापर्यंत गेली होती. पेठ वडगावला दिली, दोन वर्षांत माघारी आली. का आली ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. महिनाभर घरात बसली आणि एके दिवशी सकाळी ट्रॅकपँट घालून रंकाळा तलावाभोवती पळायला लागली. बायका खिडकीतून बघायच्या, तोंडाला पदर लावून हसायच्या. सहा महिन्यांनी त्यातल्याच चार जणी तिच्यामागं चालायला लागल्या. तिनं मोबाईलवर कोर्स केला, पुण्याला जाऊन परीक्षा दिली, आणि फुलेवाडीच्या महिला मंडळाच्या हॉलमध्ये क्लास सुरू केला.

मला ते थेर वाटायचे. रेशनला किडका तांदूळ आला म्हणून आम्ही दुकानापुढं ठिय्या मारून बसलो होतो, तिथनंच ही चाललेली, हातात गुलाबी डंबेल्स.

"इथं पोटाला मिळंना, आणि तू पोट कमी करायला शिकीव," मी सगळ्यांसमोर म्हणाले.

ती थांबली. "ताई, तुमच्या आंदोलनातल्या निम्म्या बायका उठताना भिंत धरत्यात. ते बघा की आधी."

आणि गेली. दोन दिवस मी तिला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी ठिय्या उठवला तेव्हा मुद्दाम बघत राहिले. भिंत धरत होत्या.

तिच्या घरात माणसं मोजकी. वडील अण्णा, आई बाळाबाई, भाऊ हंबीरराव, त्याची बायको विमला आणि त्यांची पोरगी इरावती, दहावीला. हंबीरराव शिरोलीला फौंड्रीत, भट्टीवर. घरी यायला साडेआठ वाजायचे. दारात दोन म्हशी. त्यांचं शेण-पाणी, धारा, डेअरीला दूध घालणं, सगळं विमलाकडं. अनुजा वैनीवर जीव टाकायची. वडगावहून परत आली त्या दिवशी सगळ्या घरात एकटी वैनीच काही न विचारता चहा घेऊन आली होती, असं तिनं मला एकदा सांगितलं.

गेल्या वर्षी विमलाचं अंगावरून जायचं थांबेना. डॉक्टरांनी तपासलं, गर्भाशयात गाठ. ऑपरेशन करायला हवं, पण अंगात रक्त साडेसहा. दहा झाल्याशिवाय हात लावणार नाही म्हणाले. नाहीतर अॅडमिट व्हा, रक्त चढवून बघू.

"अॅडमिट होऊन म्हशी कोण पिळणार? पोरीची दहावी हाय," विमला म्हणाली. "मला तीन म्हयने द्या, डॉक्टर. खाऊन भरून काढतो."

लोहाच्या गोळ्या उपाशी पोटी घ्यायची, ओकायची. शेवटी डबीत पडून राहिल्या. उरलं खाणं. आता ‘एकट्या सुनेनं रोज अंडं खायचं’ असं अनुजानं घरात म्हटलं असतं तर बाळाबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. "आमी काय उपाशी ठिवलीया काय तिला?" म्हणून अनुजानं डोकं चालवलं. सगळ्या भागालाच खायला लावायचं, म्हणजे वैनी त्यात आपोआप खाईल. ‘शंभर दिवसांचं ताट’ असं चॅलेंज काढलं. बावीस बायका जमल्या. हे सगळं एका बाईचं रक्त दहावर नेण्यासाठी चाललंय, हे फक्त मला माहीत होतं.

नियम सोपा. ताटात भाकरी, पालेभाजी, मोड आलेलं कडधान्य, एक अंडं किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ, लिंबाची फोड. ताटाचा फोटो संध्याकाळी आठच्या आत ग्रुपवर. दहा मार्क. आठनंतर आला तर पाच कापायचे. लवकर जेवावं असं तिच्या कोर्समध्ये शिकवलं होतं.

ग्रुपवर पहिल्या आठवड्यात नुसती धमाल. एका फोटोत अंड्याला बारीक तडा होता. तोच तडा त्याच संध्याकाळी आणखी दोन घरांतल्या ताटांत दिसला.

"कोच, त्या अंड्याचं आधार कार्ड काढा. लई फिरालंय," शिंपीकाम करणाऱ्या स्नेहलनं आवाजी मेसेज टाकला.

"आगं, माज्याकडं आलतं तवा गरम होतं," दुसरीनं कबूल करून टाकलं.

आम्ही हसून हसून बेजार. तिथंच अक्कल यायला हवी होती. फोटोतलं अंडं बाईच्या पोटात गेलंच असं नाही, हे त्या दिवशी आम्हाला समोर दिसत होतं.

विमलाचं ताट मात्र देखणं असायचं. ज्वारीची भाकरी, मेथी, मटकी, मधोमध कापलेलं अंडं. बरोबर पावणेआठला. एक दिवस चुकला नाही. अनुजाची राजारामपुरीत सातची बॅच असायची. ती तिथं मोबाईलमध्ये ते ताट बघायची आणि तिचा जीव भांड्यात पडायचा. नऊ-सव्वानऊला घरी आली की वैनी तिला वाढायची.

"वैनी, तू?"

"जेवलो की, वन्सं. तुमचा नियमच हाय न्हवं, आठच्या आत."

साठाव्या दिवशी हॉलमध्ये कार्यक्रम केला. सगळ्यांत जास्त मार्क विमलाला. बक्षीस म्हणून स्टीलचं ताट, त्यावर नाव घातलेलं, ‘सौ. विमला हंबीरराव चौगुले’. द्यायला मी. व्यासपीठाला तीन पायऱ्या, त्या चढताना ती दोनदा थांबली. मी तिचा हात हातात घेतला. गार होता, आणि तळवा पांढराफटक. मी बघितलं. बघूनही माईककडं वळले आणि म्हणाले, "जिद्द असावी तर अशी. वाजवा टाळ्या."

चार दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला. पाच पूर्णांक चार.

अनुजा लॅबवाल्याशी भांडली. दुसरीकडं तपासलं. पाच पूर्णांक तीन. ती घरी आली तेव्हा वैनी गोठ्यात होती. इरावती पुस्तक घेऊन जोत्यावर बसलेली.

"इरा, आई ताटातलं सगळं खाती का गं?"

"कुठल्या?"

"तू फोटो काढतीस त्या."

"ते बाबांचं असतंय की, आत्ती."

पोरीनं इतकं सहज सांगितलं की अनुजाला आधी कळलंच नाही. मग हळूहळू विचारत गेली. पावणेआठला आई पहिलं ताट वाढते. इरा फोटो काढते. ताटावर झाकण पडतं. साडेआठला बाबा येतात, झाकण निघतं.

"आणि आई काय खाती?"

इरावतीनं बराच वेळ आठवून बघितलं. "बघितलं न्हाय गं," म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला.

विमला शेणाचे हात धूत आली. तिला कळेना एवढं काय झालं. "फोटो टाकायचा हुता, टाकला की. भट्टीवरनं आलेला माणूस, त्येला झाकून ठिवलेलं चांगलं ताट सोडून दुसरं काय वाढू? आणि दोन अंडी उकडली तर सासूबाई इचारत्यात, कुणाला म्हणून."

"मग फोटो तरी कशाला टाकलास, वैनी?"

"तुमी एवढं मांडलंय. घरच्याच बाईचं मार्क कमी आलं तर तुमाला लोकं हसतील, वन्सं."

त्या संध्याकाळी अनुजानं एकेकीला फोन लावला. बावीसपैकी चौदा घरांत हेच. आठच्या आत घरातला बाप्या जेवलेला नसतो आणि तो जेवल्याशिवाय बाई जेवत नाही. म्हणजे आठच्या आत काढलेल्या फोटोतलं ताट बाईचं असूच शकत नव्हतं. कोल्हापुरात जन्मून, त्याच चुलीपुढं वाढून, अनुजानं कोर्समधला नियम जसाच्या तसा उचलला होता. आणि मीही, उठताबसता बायकांच्या नावानं घसा फोडणारी, तो वाचून मान डोलावली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं बॅच बंद ठेवली. साडेआठला सगळे घरात असताना वैनीला पाटावर बसवलं, नावाच्या ताटात वाढलं. बक्षीस मिळाल्यापासून त्या ताटातही हंबीररावच जेवत होता. तो हात धुऊन दारात उभा. बाळाबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या. विमलानं घास तोंडात घातला आणि तो तसाच ठेवून बसली.

"वन्सं, उतरंना झालाय. समदी बघाल्यात."

मग अण्णा काठी टेकत चुलीपाशी गेले. "सूनबाई, तू खा. भाकरी मी थापतो. खाणाऱ्याचं नशीब."

त्यांनी थापलेली भाकरी बघून बाळाबाईसुद्धा हसल्या. हंबीरराव बायकोशेजारी येऊन बसला. विमलानं अर्धं अंडं खाल्लं. उरलेलं अर्धं सवयीनं नवऱ्याकडं सरकवलं. अनुजानं ते परत तिच्याकडं सरकवलं.

असे अकरा दिवस. डॉक्टर रिपोर्ट बघून चिडले होते, लगेच अॅडमिट व्हा म्हणाले. विमलाचं एकच, पोरीचा शेवटचा पेपर होऊ दे. तो शनिवारी होता. अॅडमिट व्हायचं सोमवारी ठरलं, पिशवी भरून ठेवली. शनिवारी सकाळी इरा पेपरला गेली आणि विमला गोठ्यात बसली ती उठलीच नाही. धारेची बादली भरलेली, आणि खाली सगळं रक्त. अनुजानं तिला उचललं, रिक्षात घातलं. रक्ताच्या पिशव्या मिळाल्या, एक चढलीसुद्धा. डॉक्टर म्हणाले, इतके महिने कमी रक्तावर चालून हृदय दमलेलं. दुपारी दोनच्या सुमाराला गेली. पेपर सुटून इरा घरी आली होती, दारात आईची वाट बघत.

तिसऱ्या दिवशी मी गेले ती हंबीररावाशी भांडायलाच. मनात सगळं तयार होतं. तो गोठ्याच्या दारात बसला होता.

"ताई, ताट म्होरं यायचं, मी जेवायचो," मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला. "सतरा वर्सं झाली लग्नाला. तिच्या ताटात काय असतंय कवा बघितलं न्हाय. बघायचं असतंय हेच म्हाईत नव्हतं."

मी म्हशीला पाणी दाखवलं आणि घरी आले.

अनुजानं ग्रुप बंद केला, क्लास बंद केला. मी दोनदा गेले, ती भेटली नाही. तिसऱ्यांदा भेटली. "तुमी तर शिव्या द्या, ताई," म्हणाली. "बाकी कुणी देईना झालंय." मला तेही जमलं नाही. महिन्याभरानं स्नेहल आणि पाच-सहा जणी तिच्या दारात जाऊन बसल्या. ती उठेपर्यंत हलणार नाही म्हणाल्या.

आता तिचं चॅलेंज वेगळं आहे. फोटो नाही, मार्क नाहीत, आठची अट नाही. रोज साडेआठला ती कुणातरी एकीच्या घरी जाते आणि त्या बाईसमोर बसते. घरची माणसं अवघडतात. "या की कोच, तुमी बी दोन घास खावा," म्हणतात.

"मी जेवायला न्हाय आले. हिचं ताट रिकामं झालेलं बघायला आले."

काही घरांनी दार लावून घेतलं. काही बायकांचं रक्त एका-दीड अंकानं वाढलं. अनुजा ते आकडे मला दाखवते, पण चेहऱ्यावर काही नसतं. परवा एका बाईचं दहा भरलं. रिपोर्ट हातात घेऊन अनुजा हॉलच्या पायरीवर बसली आणि इतकी रडली की ती बाईच घाबरली.

चौगुल्यांच्या घरी ते नावाचं ताट आहे. इरावती आता त्यात जेवते, सगळ्यांच्या आधी. बाळाबाई समोर पाय पसरून बसतात. पोरगी उठायला लागली की म्हणतात, "बस. अंडं राहिलंय. मी बसलोय न्हवं हितं?"

तुमच्या घरात शेवटी जेवणारी जी कोण असेल, आई, बायको, वैनी, सून, तिला आज संध्याकाळी पहिल्यांदा बसवा. घास उतरायचा नाही तिला, उठायला बघेल, हसून टाळेल. तुम्ही उठू नका. तिचं ताट रिकामं होईपर्यंत तिच्यासमोर बसून राहा.