फरदडीचं बटण

माझ्या खामगावच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये अगदी सुरुवातीला एक खेळ होता. काळा पडदा, हिरवी अक्षरं. वरून अळ्या उतरायच्या, खाली झाडांची रांग, आणि आपण मधे फवारा घेऊन डावीकडे-उजवीकडे धावायचं. अळ्या म्हणजे तरी काय, इंग्रजी डब्ल्यू! पण त्या डब्ल्यूंनी तरुणपणी मला जो घाम फोडला, तो स्वतःच्या लग्नातही फुटला नाही.

ते मशीन भंगारात गेलं, खेळही गेला. पुढं क्लासला विद्यार्थी कमी आणि मला रिकामा वेळ जास्त, असे दिवस आले तेव्हा मी तो आठवून आठवून पुन्हा लिहिला. ब्राउझरमध्ये चालणारा. लिंक उघडली की अळ्या हजर. मी स्वतःवर इतका खूश होतो की चहावाल्यालाही लिंक पाठवली.

मग माझा थोरला भाऊ आला. देऊळघाटचं आमचं वावर तो आणि वहिनी कसतात. कापसाची गाडी जिनिंग फॅक्टरीच्या रांगेत उभी करून तो माझ्याकडे टेकला, फोन हातात घेतला आणि त्यानं नाक मुरडलं.

“हे झाड कशाचं हाये बे? भेंडीचं?”

“झाड हाये, दादा. नुसतं झाड.”

“नुसतं झाड कोनाच्या वावरात असते? पऱ्हाटी कर.”

पऱ्हाटी म्हणजे आमची कपाशी. मी केली. पाती, फुलं, बोंडं, सगळं हौसेनं काढलं. पुढच्या खेपेला त्यानं अळी नापास केली.

“हे हिरवी अळी तं बीटी बियानं आलं तशी गेली. गुलाबी टाक. अन् ते अशी उघड्यावर नाचत नाही. बोंडात शिरून बसते. बाहेरून बोंड कसं? झकास!”

मी गुलाबी अळी बोंडात घातली आणि स्वतःच खेळून पाहिलं. वरून हिरवंगार शेत. मी फवारतोय, मनातल्या मनात टाळ्या घेतोय. बोंडं फुटली आणि निम्म्यांतून कवडी निघाली, म्हणजे पिवळा, किडका कापूस. माझ्याच खेळानं मला भरदुपारी लुटलं होतं. मी सुन्न. दादा मात्र प्रसन्न. “हां, आता बरोबर झालं.”

तिसरी सुधारणा त्यानं हट्टानंच मागितली. “झाडावर बोंडं हायेत अजून, अन् तू हंगाम संपवून राह्यला! फरदड घेऊ दे न बे.”

शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटून टाका, असं कृषी सहायक दरवर्षी सांगून जातात. आमच्याकडचे लोक त्यांना चहा पाजतात, रस्त्यापर्यंत पोचवतात आणि परत येऊन विहिरीची मोटर चालू करतात. उभ्या पऱ्हाटीला पाणी देऊन उन्हाळ्यापर्यंत आणखी थोडा कापूस काढायचा, ती फरदड. दादा या पंथाचा महंत. वहिनी दोन वर्षं म्हणत होती, हे उपटा, भुईमूग पेरू. दोन वर्षं दादाचं उत्तर एकच: “उभं पीक कोनी उपटते काय?” यंदाही वेचणी संपत आली होती आणि घरात तोच तंटा पेटला होता.

मी हंगामाच्या शेवटी दोन बटणं दिली. एक ‘उपट’, एक ‘फरदड’. फरदडीला जादा गुण.

आठ दिवसांत दादाचा फोन. “तुह्या खेळात खोट हाये. दुसऱ्या हंगामात पेरलं नाही तोच अळ्या हजर! तिसऱ्यात तं बोंडच हाती लागत नाही.”

मी सगळा कोड उलटापालटा केला. तीन दिवसांनी सापडलं. ‘उपट’ दाबलं की झाडं पुसली जात, आणि झाडांतल्या अळ्याही. ‘फरदड’ दाबलं की झाडं राहत. मग अळ्याही राहत, आणि पुढच्या पेरणीला सहकुटुंब हजर होत. एक ओळ लिहायची मी विसरलो होतो: हंगाम संपला, सगळ्या अळ्या पुसा. एवढंच. रविवारी देऊळघाटला जाऊन दादासमोर ती ओळ टाकायची आणि शाबासकी घ्यायची, असं मी ठरवलं.

ओसरीवर वहिनी दादाचा फोन घेऊन बसली होती. शेजारी सुपात तुरीच्या शेंगा तशाच. मी डोकावलो आणि माझे डोळे बाहेर यायचे राहिले. नववा हंगाम! खुद्द मी कधी चौथ्याच्या पुढं गेलो नव्हतो.

दादा ओरडलाच. “तू कशी काय पोचली वं तिथं?”

“मी काय केलं? वेचलं अन् उपटलं. वेचलं अन् उपटलं.”

“फरदड नाही घेतली?”

“दोन वर्षं घेतली न तुमी. पाह्यली मी.”

दादानं मोर्चा माझ्याकडे वळवला. “ते खोट दुरुस्त कर आधी. मंग पाहू कोन जिंकते ते.”

मी लॅपटॉप उघडला. वहिनीनं सूप बाजूला सारलं. “भाऊजी, कोनती खोट?”

मी सांगितलं. झाडं राहिली की अळ्या राहतात, त्या पुसायची ओळ टाकतो.

“अन् वावरात ते ओळ कोन टाकनार हाये?”

माझी बोटं तिथंच थांबली. तीन दिवस मी जिला चूक म्हणत होतो, ती माझ्या हातून चुकून बरोबर झालेली एकमेव गोष्ट होती. मी लॅपटॉप मिटला. दादा चपला घालून बाहेर गेला.

पुढच्या रविवारी गेलो तर वावरात पऱ्हाट्यांचे ढीग! दादा हातात उपटायचा चिमटा घेऊन घामाघूम. मी आनंदानं आरोळी ठोकणार, तेवढ्यात विहिरीकडं नजर गेली. निम्मं वावर तसंच उभं, आणि त्यात पाणी सोडलेलं.

“मन नाही मानत बे,” दादा म्हणाला. “तुह्या खेळात अर्धं उपटायचं बटण काऊन नाही?”

वहिनी पाट ओलांडून उभ्या पऱ्हाटीत शिरली. एक हिरवं, टपोरं, झकास बोंड तोडलं, दोन्ही अंगठ्यांनी फोडलं आणि दादाच्या तळहातावर ठेवलं. आत गुलाबी अळी, खाऊनपिऊन सुखी.

“घ्या,” ती म्हणाली. “फरदड.”

दादानं तळहाताकडं पाहिलं. मग माझ्याकडं, अत्यंत संशयानं.

“हेबी तूच टाकली काय बे?”

मी दोन्ही कानांना हात लावले. त्यानं अळी चपलेखाली चिरडली, विहिरीवर जाऊन मोटर बंद केली आणि चिमटा घेऊन विहिरीकडच्या पहिल्या ओळीला लागला.